पऱ्हाटीला भाव का नाही?

अर्थशास्त्राच्या अभ्यासात ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ ही संकल्पना आली की परदेशांची उदाहरणे दिली जातात. जपानने २००० साली त्यासाठी मूलभूत कायदा केला. नेदरलँड्सने २०५० पर्यंत सारी अर्थव्यवस्था चक्रीय करण्याचे ध्येय ठेवले आहे. टाकाऊ ठरलेली वस्तू पुन्हा उत्पादनात आणावी, एवढाच तिचा सोपा अर्थ. ही कल्पना आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लावून पाहावी असे मला वाटले. आणि त्यासाठी कापसाइतके जवळचे उदाहरण नाही.

कापसाचे एक चक्र आपल्याकडे पूर्वीपासूनच पूर्ण आहे. जिनिंगमध्ये सुमारे एक तृतीयांश रुई व दोन तृतीयांश सरकी निघते. सरकीचे तेल होते, ढेप गुरांना जाते आणि शेणखत शेतात परत येते. हे कायद्याने घडले नाही. सरकीला गिऱ्हाईक आहे, भाव आहे, म्हणून घडले.

पऱ्हाटीचे तसे नाही. तिच्यापासून पार्टिकल बोर्ड आणि इंधनाच्या कांड्या होतात, हे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. तरीही आपल्याकडे बरीचशी पऱ्हाटी चुलीत नाही तर धुऱ्यावर जळते. माल आहे, तंत्र आहे. मग अडते कोठे? माझ्या मते, बाजारात.

पहिली अडचण वाहतुकीची. पऱ्हाटी फुगीर, गाडी भरते, पण वजन भरत नाही. उपटण्याची मजुरी आणि भाडे वजा जाता शेतकऱ्याच्या हाती फारसे उरत नाही. दुसरी हंगामाची. माल दोन-तीन महिने मिळतो, कारखान्याला तो बारा महिने लागतो. साठवणुकीत भांडवल अडकते आणि आगीची धास्ती असते ती वेगळीच. तिसरी स्पर्धेची. याच जिल्ह्यात वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. धुराने होणारे नुकसान कोळशाच्या किमतीत पुरते धरले जात नाही, म्हणून तो स्वस्त दिसतो. युरोपातही खनिज तेल उतरले की नवे प्लास्टिक स्वस्त होते व पुनर्वापराचे मागे पडते. देश निराळे, अडसर एकच.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवइंधन मिसळण्याचे धोरण आखून दिले. मागणी अशी निर्माण करता येते; पण गावात माल गोळा करणाराच नसेल तर ती बांधापर्यंत पोचत नाही. सहकारी संस्थेने बारीक करण्याचे यंत्र शेतावर न्यावे, वजनावर खरेदी करावी आणि भाव हंगामाआधी जाहीर करावा, असे मला सुचवावेसे वाटते.

सारीच पऱ्हाटी विकावी असे मात्र मी म्हणणार नाही. काही भाग कंपोस्ट होऊन जमिनीला परत मिळालाच पाहिजे. परंतु २०१७ साली गुलाबी बोंडअळीने या जिल्ह्याचे काय केले ते आपण जाणतो. उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीत ती अळी टिकून राहते. पऱ्हाटीला भाव आला तर शेत वेळेवर मोकळे होईल. तेव्हा हा प्रश्न चार पैशांच्या जोडधंद्यापुरता नाही, पुढच्या वर्षीच्या पिकाचाही आहे.