टाकाऊ गाळाचें विरजण

'जंतु' हा शब्द कानीं पडतांच आपल्यापुढें पटकी, विषमज्वर इत्यादि रोग उभे राहतात. परंतु रोग उत्पन्न करणारे जंतु त्या अफाट सृष्टींत अगदीं थोडे आहेत. कित्येक जंतु तर आपले निरलस सेवक आहेत. दुधाचें दहीं करणारे जंतु घरोघरीं परिचित आहेतच. शहरांचें सांडपाणी शुद्ध करणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

सांडपाण्यांतील अन्नकण, मळ वगैरे सेंद्रिय द्रव्यें हें या जंतूंचें खाद्य होय. तें पचवितांना ते पाण्यांत विरघळलेला प्राणवायु वापरतात. घाण बेताची असेल तर वाहती नदी हवेंतून नवा प्राणवायु घेते व आपोआप निर्मळ होते. परंतु साऱ्या शहराची घाण तिच्यांत लोटली, तर प्राणवायु संपतो, मासे गुदमरून मरतात आणि पाण्यास दुर्गंधि सुटते. म्हणून जंतूंस हवेचा पुरवठा केला पाहिजे, हें उघड आहे.

इंग्लंडांतील मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं, डॉ. गिल्बर्ट फौलर यांच्या सूचनेवरून, बाटल्यांत सांडपाणी भरून त्यांतून हवा सोडली. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारें ५ आठवडे लागले. इतका विलंब कोणत्या शहरास परवडणार? मग त्यांनीं वरचें निवळ पाणी काढून घेतलें, तळचा गाळ तसाच राखला व त्यावर नवें सांडपाणी ओतलें. असें पुनःपुन्हा करतांना वेळ घटत गेला आणि शेवटीं तेंच काम २४ तासांच्या आंत होऊं लागलें. कारण तो गाळ म्हणजे जंतूंची दाट वस्तीच होती. कालचें विरजण आजच्या दुधास उपयोगीं पडावें, तसा तो उपयोगीं पडला. ३ एप्रिल १९१४ रोजीं हा शोध विद्वत्सभेपुढें मांडण्यांत आला. आज जगांतील असंख्य शहरें, आपल्या देशांतीलही, याच पद्धतीचा अवलंब करतात. डॉ. फौलर हे पुढें १९१६ सालीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें अध्यापक म्हणून आले.

तथापि या सेवकांच्या शक्तीस मर्यादा आहे. शिसें, पारा इत्यादि धातूंचा नाश त्यांच्यानें होत नाहीं. तीव्र विषानें तर ते स्वतःच मरतात, व मग सारें कार्य थांबतें. म्हणून रंग, जुनें तेल, उरलेलीं औषधें मोरींत ओतूं नयेत, एवढें तरी आपण विद्यार्थ्यांनीं व आपल्या पालकांनीं पाळावें. परमेश्वरानें नेमलेल्या या मूक सेवकांच्या अन्नांत विष कालविणें हें आपल्याच नदीशीं वैर करणें होय.