डिझेल इंजिनाची छोटी प्रतिकृती : जोडणी, दुरुस्ती आणि अचूकतेची पारख

एखाद्या शाळेच्या प्रदर्शनात टेबलावर मांडलेल्या रुळांवरून भारतीय डिझेल इंजिनाची छोटी प्रतिकृती धावत आहे, अशी कल्पना करावी. शेजारच्या पाटीवर ‘प्रमाण १ : ८७’ एवढेच लिहिलेले आहे. एक विद्यार्थी मोजपट्टी घेऊन दोन रुळांमधील अंतर मोजतो. ते १६.५ मिलिमीटर भरते. त्यास ८७.१ ने गुणून तो वहीत लिहितो : ‘भारतातील रुंदमापी मार्गाचे रुळांतर १,४३७ मिलिमीटर.’ त्याचा गुणाकार अचूक आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. रुंदमापी मार्गाचे खरे रुळांतर १,६७६ मिलिमीटर असते.

हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. प्रतिकृतीने एका ठिकाणी तडजोड केलेली आहे आणि ती कोणी सांगितलेली नाही. प्रतिकृती हे खऱ्या वस्तूविषयीचे एक विधान असते. ते विधान कोठे खरे, कोठे अपुरे आणि किती अपुरे, हे मोजून सांगता येणे म्हणजेच अचूकतेची पारख होय. ‘हुबेहूब’ हा शब्द त्या कामी उपयोगी पडत नाही.

प्रमाणाचा अर्थ

जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात खऱ्या वस्तूच्या एका फुटासाठी ३.५ मिलिमीटर घेतात. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यास ३.५ ने भागले असता ८७.१ हा भाजक मिळतो.

उदाहरणादाखल डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन घेऊ. या नावातील पहिले अक्षर रुंदमापी मार्गाचे, दुसरे डिझेलचे आणि तिसरे प्रवासी व माल या मिश्र वाहतुकीचे द्योतक आहे. अमेरिकेतील अल्को कंपनीने बांधलेली या जातीची पहिली इंजिने १९६२ मध्ये भारतात आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. त्याची काही मापे व एचओ प्रमाणातील त्यांची रूपे अशी :

बफरांसह लांबी : १७,१२० मिलिमीटर, प्रतिकृतीत १९६.६ मिलिमीटर.
नव्या चाकाचा व्यास : १,०९२ मिलिमीटर, प्रतिकृतीत १२.५ मिलिमीटर.
रुळांतर : १,६७६ मिलिमीटर, प्रतिकृतीत १९.२ मिलिमीटर.

वजनाचा हिशेब मात्र निराळा आहे. लांबी ८७.१ पट कमी झाली की घनफळ ८७.१ च्या घनाइतके, म्हणजे सुमारे ६ लाख ६१ हजार पट कमी होते. ११२.८ टनांच्या इंजिनाचे प्रमाणबद्ध वजन यामुळे अवघे १७१ ग्रॅम ठरते. इतक्या हलक्या प्रतिकृतीची चाके डबे ओढताना घसरू शकतात, म्हणून तिच्यात धातूची जड चौकट बसवितात. ही चूक नसून चालण्यासाठी मोजलेली किंमत आहे.

रुळांतराचा पेच

प्रमाणानुसार १९.२ मिलिमीटर रुळांतर हवे असताना प्रतिकृती १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर का धावते? एचओ प्रमाणातील तयार रूळ, सांधे व चाके १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाणित मार्गासाठी बनविलेली असतात, आणि १,४३५ ला ८७.१ ने भागले असता १६.५ येतात. भारतीय इंजिनाचे वरचे शरीर प्रमाणात ठेवून त्याखाली हीच चाके बसविली की चाकांतील अंतर सुमारे १४ टक्क्यांनी कमी पडते. समोरून पाहिल्यास इंजिन अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते ते यामुळेच.

असाच पेच ब्रिटनमध्येही पडला. तेथील खरी इंजिने आकाराने लहान असल्यामुळे एचओ प्रमाणातील त्यांच्या शरीरात त्या काळच्या मोटारी मावत नसत. म्हणून शरीरासाठी फुटामागे ४ मिलिमीटर, म्हणजे १ : ७६.२ हे प्रमाण घेतले गेले आणि रूळ तेच ठेवले. या ‘ओओ’ पद्धतीत रुळांतर १८.८ मिलिमीटर असावयास हवे, ते १६.५ च राहिले. त्रुटी सुमारे १२ टक्के.

अंतर्रचना आणि जोडणी

खऱ्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये डिझेल इंजिन जनित्र फिरविते व त्या विजेवर सहा मोटारी सहा आस फिरवितात. प्रतिकृतीत डिझेल इंजिन नसते. रुळांतून येणारा, बहुधा १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह चाकांमार्फत मधोमध बसविलेल्या एकाच मोटारीस मिळतो. मोटारीच्या दोन्ही टोकांचे दांडे दोन्ही बोगींवरील मळसूत्री चाके फिरवितात आणि तेथून दंतचक्रांच्या मालिकेद्वारे गती आसांपर्यंत पोहोचते. प्रवाहाची दिशा उलटविली की इंजिन उलट धावते.

जोडणीचा नियम असा की, प्रत्येक टप्प्यानंतर चाचणी घ्यावी. प्रथम मोटार एकटी फिरवून तिला लागणारा प्रवाह ॲमीटरवर वाचावा व नोंदवावा. नंतर एक बोगी जोडून पुन्हा वाचन घ्यावे, मग दुसरी. एखाद्या टप्प्यावर प्रवाह एकाएकी वाढला तर घर्षणाचे कारण त्याच टप्प्यात शोधावे. सर्व भाग एकदम जोडणाऱ्यास ही सोय उरत नाही.

चाकांच्या आतील पाठींमधील अंतर प्रत्येक आसावर तपासावे. १६.५ मिलिमीटरच्या रुळांसाठी ते सुमारे १४.४ मिलिमीटर असते. ते कमी-अधिक झाल्यास सरळ मार्गावर दोष दिसत नाही, परंतु सांध्यावर चाक चढते.

तीन आसांच्या बोगीत मधल्या आसास आडवी हालचाल करण्यास जागा हवी. भारतातील रुंदमापी मार्गावर वळणाची किमान त्रिज्या १७५ मीटर मानली जाते. एचओ प्रमाणात ती २ मीटर होते. घरगुती टेबलावरील वळणाची त्रिज्या पुष्कळदा ४५ सेंटिमीटरच असते, म्हणजे प्रत्यक्षात केवळ ३९ मीटर. ज्या वळणावर खरे इंजिन जाऊच शकणार नाही त्यावर प्रतिकृतीस जावे लागते. बोगीभोवतीची मोकळी जागा व कपलरांतील वाढलेले अंतर यांचे मूळ येथे आहे.

दोष शोधण्याची रीत

दुरुस्तीत घाई म्हणजे नव्या दोषाचे आमंत्रण. इंजिन अडखळले तर प्रथम रूळ व चाके स्वच्छ पुसावीत, नंतर चाकांपासून मोटारीपर्यंतच्या तारा तपासाव्यात आणि शेवटी मोटार उघडावी. सोप्याकडून अवघडाकडे हा क्रम सोडू नये.

चालताना ठराविक अंतराने ‘टक्’ असा आवाज येत असल्यास ते अंतर मोजावे. १२.५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ३९ मिलिमीटर असतो. दर ३९ मिलिमीटरला ठोका पडत असेल तर दोष आसाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदा समोर येत आहे. म्हणजे तो चाकात, आसात किंवा आसावर बसविलेल्या दंतचक्रात आहे. मोटारीचे २० फेरे झाल्यावर आस एकदा फिरतो असे धरले, तर मोटारीतील दोषाचा ठोका दर २ मिलिमीटरला पडेल आणि तो गुणगुणण्यासारखा ऐकू येईल. अशा रीतीने झाकण न उघडताच दोषाचे स्थान पुष्कळ अंशी ठरविता येते.

आसावर घट्ट बसविलेले प्लॅस्टिकचे दंतचक्र कालांतराने तडकते. तडकलेल्या ठिकाणी दोन दातांमधील अंतर वाढते व तेथेच ठोका पडतो. ते चिकटवून भागत नाही. दंतचक्रांसाठी वापरले जाणारे प्लॅस्टिक सहसा चिकटद्रव्य धरत नाही आणि दातांचे अंतरही पूर्ववत होत नाही. चक्र बदलणे हाच उपाय होय.

तेल सुईच्या टोकावर मावेल इतकेच द्यावे. मोटारीच्या कॉम्युटेटरवर तेल गेले तर कार्बनच्या ब्रशांची भुकटी त्यात मिसळून तांब्याच्या पट्ट्यांमधील फटी विद्युतवाहक होतात व मोटार तापते. जुन्या उघड्या मोटारीतील लोहचुंबक विनाकारण काढू नये; काहींची शक्ती त्यामुळे कमी होते. जुन्या जस्तमिश्रधातूच्या चौकटीत शिशासारखी अशुद्धी राहिलेली असल्यास ती आतून फुगून भंगते. अशा चौकटीस दुरुस्ती नाही; मापे टिपून नवी करावी लागते.

१९९० च्या दशकापासून अंकीय नियंत्रणाचा प्रसार झाला. त्यासाठी जुन्या इंजिनात नियंत्रक मंडल बसविण्यापूर्वी मोटारीची दोन्ही टोके चौकटीपासून विलग आहेत की नाहीत हे ओहममापकाने तपासावे. अनेक जुन्या मोटारींचा एक ब्रश चौकटीस जोडलेला असतो. तसेच राहिल्यास मंडल जळते.

अचूकतेची पारख

पारख करताना एका मापावर विसंबू नये. लांबी, रुंदी, उंची, चाकाचा व्यास व आसांमधील अंतरे व्हर्निअर कॅलिपरने मोजावीत आणि खऱ्या मापास प्रतिकृतीच्या मापाने भागावे. सर्व भागाकार ८७ च्या आसपास आले तर प्रमाण सुसंगत आहे. एखादाच भागाकार दूर गेला तर तेथे तडजोड किंवा चूक आहे. छायाचित्रावरून मापे घेऊ नयेत, कारण त्यात जवळचा भाग मोठा दिसतो.

मोजमापाची मर्यादाही लक्षात ठेवावी. प्रतिकृतीवरील ०.१ मिलिमीटर म्हणजे खऱ्या इंजिनावरील ८.७ मिलिमीटर. कठड्याची तार ०.५ मिलिमीटर जाडीची असेल तर खरा कठडा ४४ मिलिमीटर जाडीचा ठरतो. चाकाचा व्यास थोडा कमी भरल्यास मात्र लगेच दोष देऊ नये. खरे चाकही झिजते, लेथवर पुन्हा कातले जाते आणि लहान होते.

त्यानंतर आकार व काळ पाहावा. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीतील तीन आस समान अंतरावर नसतात. समान अंतराचे असल्यास बोगी दुसऱ्या इंजिनाची आहे असे समजावे. ही इंजिने आरंभी निर्वात ब्रेकच्या गाड्यांसाठी होती आणि गाड्यांसाठी हवेच्या दाबाच्या ब्रेकची सोय नंतर आली. १९६० च्या दशकातील म्हणून मांडलेल्या इंजिनाच्या तोंडावर दाबाच्या ब्रेकच्या नळ्या असतील, तर प्रत्येक भाग प्रमाणात असूनही विधान खोटे ठरते.

शेवटी चाल. ताशी १२० किलोमीटर या कमाल वेगाचे प्रमाणबद्ध रूप सेकंदास ३८ सेंटिमीटर आहे. एक मीटर अंतर २.६ सेकंदांहून कमी वेळात कापणारी प्रतिकृती खऱ्या इंजिनाला शक्य नसलेला वेग दाखविते.

प्रत्येक प्रतिकृतीशेजारी एक पत्रक असावे. त्यात प्रमाण, दाखविलेला काळ, बदललेले भाग आणि ज्ञात तडजोडी लिहाव्यात. ‘रुळांतर १६.५ मिलिमीटर, प्रमाणानुसार १९.२ हवे’ ही एक ओळ असती, तर आरंभीच्या विद्यार्थ्याच्या वहीत चुकीचा आकडा उतरला नसता. दोष नोंदविल्याने प्रतिकृतीचे मोल घटत नाही. तिच्यावर किती विश्वास ठेवावा हे त्यामुळे कळते.

स्वाध्याय

१. शाळेतील किंवा घरातील कोणत्याही खेळण्यातील वाहनाची चार मापे घेऊन खऱ्या वाहनाच्या मापांशी भागाकार करा. चारही भागाकार सारखे येतात काय?

२. १ : ८७.१ प्रमाणातील एक प्रतिकृती ४ मीटर अंतर १६ सेकंदांत कापते. खऱ्या इंजिनाचा ताशी वेग किती होईल?

३. एका इंजिनाचा ठोका दर ३३ मिलिमीटरला पडतो. दोष आसावर असल्यास चाकाचा व्यास किती असावा?