झरोक्यातले घरटे

उन्हाळा लागला की नागपूरकडे चिमण्या घराच्या झरोक्यात काड्या भरतात. झरोका बुजला की चुलीचा धूर घरात कोंडतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो. मग काय करायचे?

आधी घरट्यात पाहू. रिकामे असेल तर काढू व झरोक्याला जाळी ठोकू. अंडी-पिले असतील तर थांबू. नाहीतर आई बाहेर राहील अन् पिले आत उपाशी मरतील. अंडी सुमारे १२ दिवसांत फुटतात. पुढे सुमारे १५ दिवसांत पिले उडतात. तोवर दार उघडे ठेवून स्वयंपाक करू.

चिमणी पिलांना अळ्या-किडे चारते. तिचा आपल्याला उपयोगच आहे. म्हणून तिच्यासाठी ओसरीत लाकडी खोके टांगू. त्याला सव्वा इंचाचे भोक ठेवू. चिमणी खोक्यात राहील, धूर झरोक्यातून जाईल.