कुरळ्या केसांची निगा

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गातील मुलामुलींचे केस एकदा नीट पाहा. कोणाचे केस सरळ असतात, कोणाचे लाटांसारखे असतात, तर कोणाचे स्प्रिंगप्रमाणे गोल गोल वळलेले असतात. अशा वळलेल्या केसांना मराठीत 'कुरळे केस' म्हणतात. उर्दूत आपण त्यांना 'घुंगराले बाल' म्हणतो. मराठीत मात्र 'बाल' म्हणजे लहान मूल. म्हणून 'बालदिन' हा केसांचा दिवस नव्हे, हे ध्यानात ठेवा!

कुरळे केस असलेल्यांना चिडवण्याची वाईट सवय आपल्याकडे आहे. कोणी त्यांना 'नूडल्स' म्हणते, कोणी 'चिमणीचे घरटे' म्हणते. पुष्कळदा लहानपणी सरळ असलेले केस बाराव्या-चौदाव्या वर्षी कुरळे होऊ लागतात. या वयात शरीरातील संप्रेरके बदलतात आणि त्यांचा परिणाम केसांच्या मुळांवरही होऊ शकतो. त्यामुळे मुलगी गोंधळते आणि घरातील माणसेही गोंधळतात. मग सकाळी शाळेच्या वेळी अनेक घरांत असा संवाद ऐकू येतो :

"अम्मी, हळू विंचरा ना! फार दुखते."

"काय करू बेटी? तुझ्या केसांत कंगवा शिरतच नाही. शाळेची वेळ झाली."

"मग पार्लरमध्ये नेऊन माझे केस सरळच करून द्या ना. वर्गात सगळ्या मला हसतात."

अम्मीचे स्वतःचे केस सरळ असतात. त्या आपल्या केसांप्रमाणेच मुलीचेही केस विंचरतात. सुक्या केसांत बारीक दातांचा कंगवा घालतात आणि मुळापासून खाली ओढतात. त्यांच्या मायेत काही उणे नसते. फक्त या केसांची रीत त्यांना कोणी शिकवलेली नसते.

ही गोष्ट समजण्यासाठी आपल्या खानदेशातील शेतकऱ्याकडे पाहा. जळगाव जिल्ह्यात रावेर व यावल तालुक्यांत केळीच्या बागा आहेत. धुळे जिल्ह्यातील कोरडवाहू शेतांत बाजरी पिकते. केळीला सतत ओलावा लागतो. बाजरी थोड्या पाण्यावर येते. शेतकरी दोन्ही पिकांना सारखे पाणी देत नाही. केळी जास्त पाणी मागते म्हणून तो तिला दोषही देत नाही. केसांचेही तसेच आहे.

केस कुरळे का होतात? केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. तो त्वचेतील एका लहानशा पिशवीतून उगवतो. ही पिशवी सरळ असली तर केस सरळ येतो आणि वाकडी असली तर कुरळा येतो. हा गुण आईवडील, दादा-दादी, नाना-नानी यांच्याकडून येतो. डोक्याच्या त्वचेतून थोडे नैसर्गिक तेल पाझरत असते. सरळ केसावरून ते टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडते. म्हणून असे केस टोकांकडे कोरडे राहतात. कोरडा केस लवकर गुंततो आणि तुटतो. याचा अर्थ कुरळ्या केसांना ओलावा अधिक हवा आणि ओढाताण कमी हवी.

आता या केसांची निगा कशी राखावी, ते क्रमाने पाहू.

प्रथम धुण्याविषयी. कुरळे केस रोज धुऊ नयेत. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा धुणे बहुधा पुरेसे होते. धुण्यापूर्वी तासभर आधी खोबरेल तेल लावावे. हे तेल काही प्रमाणात केसाच्या आत झिरपते आणि केसाची झीज कमी करते. अंगाचा साबण केसांना लावू नये. आपल्या भागात पुष्कळ घरी बोअरिंगचे पाणी वापरतात. या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर जमतो, तो अशाच क्षारांचा. साबण या क्षारांशी मिळाला की चिकट मळ तयार होतो आणि केसांवर बसतो. त्याऐवजी सौम्य शॅम्पू किंवा शिकेकाई-रिठे वापरावेत. पाणी उकळले की काही क्षार तळाशी बसतात. असे उकळून थंड केलेले वरचे निवळ पाणी शेवटी तांब्याभर ओतले, तर केस अधिक मऊ राहतात.

नंतर विंचरण्याविषयी. पतंगाच्या मांज्याचा गुंता तुम्ही सोडवला असेल. दोरा जोराने ओढला की गाठ अधिक घट्ट बसते. केसांचेही तसेच होते. म्हणून सुके केस विंचरू नयेत. धुतल्यावर केसांना थोडे कंडिशनर लावावे. त्याची लहान पुडी किराणा दुकानातही मिळते. ते केसांत असतानाच आधी बोटांनी मोठा गुंता सोडवावा. मग मोठ्या दातांचा कंगवा घ्यावा. प्रथम टोके विंचरावीत, मग मधला भाग आणि शेवटी मुळांजवळचा भाग. ओला केस नाजूक असतो, म्हणून घाई करू नये. मग केस पाण्याने धुऊन टाकावेत.

आता वाळवण्याविषयी. खरखरीत टॉवेलने केस घासू नयेत. जुन्या मऊ सुती ओढणीत ते हलकेच दाबून पाणी टिपावे. ओले केस तसेच बांधून त्यावर स्कार्फ किंवा बुरखा घालू नये. डोके दमट राहिले की वास येतो आणि कोंडा वाढू शकतो. म्हणून केस सुट्टीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी दुपारी धुवावेत. शाळेसाठी वेणी घालावी, पण ती सैल असावी. वर्षानुवर्षे घट्ट वेणी घातली तर कपाळाजवळचे केस विरळ होतात. मे महिन्यात जळगाव, भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा उन्हात जाताना डोक्यावर सुती कापड घ्यावे.

आता त्या मुलीच्या हट्टाविषयी बोलू. पार्लरमध्ये रसायनांनी केसांतील बंध बदलतात आणि उष्णता देऊन केस सरळ करतात. परंतु त्वचेतील पिशवी वाकडीच राहते. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस पुन्हा कुरळाच येतो. काही रसायनांतून तापवताना फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो. त्याने डोळे चुरचुरतात आणि त्यामुळे कर्करोगही होऊ शकतो. 2024 साली फ्रान्समधील डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिने 2020, 2021 आणि 2022 या वर्षांत केस सरळ करून घेतले होते. तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या मलमात ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. मोठेपणी कोणी आपल्या केसांचे काय करावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण कोणी हसते म्हणून चौदाव्या वर्षी आपल्या शरीराला धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

मुलीला 'चूप बस' म्हणून हा प्रश्न सुटत नाही. घरातील मोठ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी तिच्याजवळ निवांत बसावे. पहिल्या आठवड्यात स्वतः करून दाखवावे. दुसऱ्या आठवड्यात अर्धे केस तिला विंचरू द्यावेत. पुढे कंगवा तिच्याच हाती द्यावा आणि आपण फक्त पाहावे. सुरुवातीला तास लागेल. हळूहळू वेळ कमी होईल. आपले काम आपल्याला जमते, हे कळले की मुलीचा धीर वाढतो.

केसांची निगा राखणे हे काही हलके काम नव्हे. 'शॅम्पू' हा शब्द इंग्रजीत आपल्याच देशातून गेला आहे. त्याचे मूळ हिंदीतील 'चाँपना' या शब्दात आहे. चाँपना म्हणजे दाबणे, मालिश करणे. 1759 साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहंमद इंग्लंडला गेले. 1814 साली ते ब्रायटन शहरात स्थायिक झाले. तेथे त्यांनी बाष्पस्नान व मालिश यांचे स्नानगृह चालवले. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज यानेही त्यांची सेवा घेतली. पुढे या शब्दाचा अर्थ बदलत बदलत 'केस धुणे' असा झाला.

मुलांनीही लाजण्याचे कारण नाही. जगप्रसिद्ध तबलावादक उस्ताद झाकिर हुसेन यांचा जन्म 1951 साली मुंबईत झाला. तबला वाजवताना त्यांचे कुरळे केस डुलत असत आणि तीच त्यांची ओळख बनली होती. 2023 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. 2024 साली ते निधन पावले. त्यांच्या केसांना कोणी घरटे म्हटले नाही.

मित्रांनो, तुमचे केस कुरळे असतील तर त्यांची रीत शिकून घ्या. तुमचे केस सरळ असतील तर ही रीत लहान भावंडांसाठी लक्षात ठेवा. आणि वर्गात कोणी कोणाच्या केसांना हसले, तर त्याला केळी आणि बाजरीची गोष्ट सांगा.

शब्दार्थ
कुरळे – घुंगराले. निगा – देखभाल. विंचरणे – कंघी करना. गुंता – उलझन. ओलावा – नमी. कोंडा – खुश्की, रूसी. विरळ – छिदरा. मूत्रपिंड – गुर्दा. कोरडवाहू – फक्त पावसावर पिकणारे.

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) केस कोणत्या प्रथिनाचा बनलेला असतो?
(आ) शेख दीन मुहंमद यांचा जन्म कोठे झाला?
2. कारणे लिहा :
(अ) कुरळे केस टोकांकडे कोरडे राहतात.
(आ) ओले केस बांधून ठेवू नयेत.
3. केळी व बाजरी यांच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगायचे आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
4. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ वेगळा आहे, असे 'बाल'सारखे दोन शब्द शोधा.