डोंगरपट्ट्यातली मास्तरकी

कळमनुरी-औंढ्याच्या डोंगरपट्ट्यात माझी उमेदीची वर्षं शिकवण्यात गेली. तिकडं नव्यानं रुजू होणाऱ्या गुरुजी-बाईंसाठी चार गोष्टी.

१. आधी उतार बघा. पूर्णेकडच्या वसमतला काळी, खोल जमीन. तिथं हळद आणि ऊस. औंढा-कळमनुरीच्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, ही वाटणी मात्र फार जुनी. सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यात आणि त्याच्या कालव्यावरची बागायत वसमतकडं. पाणी उताराचंच ऐकणार! माळावरची माणसं सोयाबीन निघालं की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर वर्ग रिकामा का, याचं उत्तर हजेरीपटात सापडणार नाही.

२. आदिवासी म्हटलं की वेगळी बोली, वेगळा पेहराव शोधणारे इथं गोंधळतात. इथला मोठा आदिवासी समाज आंध, आणि तो घरातही मराठीच बोलतो. पेरूच्या अँडीज डोंगरात केचुआ लोक जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यातही दिसतात. तो निकष इथं लावला तर आंध कागदावरून नाहीसेच होतील. ‘आपल्यासारखंच तर बोलतात, मग कसले आदिवासी?’ हे मी स्टाफरूममध्येच ऐकलंय आणि चिडलोय. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय उगाच नाही. वरताळी आणि खालताळी या त्यांच्यातल्या शाखा तर सोयरिकीच्या गप्पांना बसल्याशिवाय कळतच नाहीत. तेव्हा बसा.

३. पालकसभा सकाळी ठेवू नका. रोज बुडवून कोण येईल? रात्री जेवणं झाल्यावर पारावर घ्या.

४. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे मुलांना पाठ असतं. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये जिल्ह्याला ४.५ रिश्टरचे धक्के बसले. इकडं औंढ्याजवळ दुधाळ्याला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा उभी राहणार; गुरुत्वीय लहरी टिपणारी. केंद्रानं २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. विज्ञानाच्या तासाला याहून चांगला विषय नाही. पण त्याआधी मुलांना घरचे पत्रे बघायला सांगा. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवलेले असतात आणि धक्का बसला की तेच अंगावर येतात. दगड उतरवून पत्रे नीट बांधून घ्यायला लावा.