पहाटेची सर्कस

मिरजेच्या वेशीवर आमचं कडब्याचं दुकान होतं. गावात सर्कस उतरली की तिच्या हत्तीघोड्यांचा चारा आमच्याकडून जायचा. त्या तंबूबद्दल मला जे कळत गेलं ते आकडे घालून लिहितोय. कळलं मात्र असं ओळीने नाही. काही गोष्टी कळायला चाळीस वर्षं लागली.

१. सर्कस मी आधी मागच्या बाजूने पाहिली. पहाटे पाचला वडिलांच्या बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांवर बसून मी तंबूमागे जायचो. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. हंगाम उसाचा असला की वाढ्याचे भारेच्या भारे उतरवायचे. तोवर तिथे चुली पेटलेल्या असत. रात्री झुल्यावर झळकणाऱ्या बाया दोरीवर कपडे वाळत घालत, आपसात मल्याळममध्ये बोलत. जोकर सायकलचं पंक्चर काढत बसलेला असे. तोंडावर रंग नसला की तो आमच्या तलाठ्यासारखा दिसायचा. शाळेतली पोरं रात्रीच्या खेळाचं वर्णन करायची, तेव्हा मला सांगावंसं वाटे की तिथे सकाळी भाताचा वास येतो. पण ते ऐकायला कुणी थांबत नसे.

२. वाट पाहण्यातही खेळ होता. तंबूवरचा सर्चलाइट रात्री आभाळात गोल फिरायचा, आणि आसपासच्या खेड्यांतल्या अंगणांत माणसं माना वर करून बघायची. तिकिटाला पैसे नसलेल्यांनाही तेवढा उजेड फुकट मिळायचा.

३. सर्कस कुठून तरी लांबून येते, असं मला चाळिशीपर्यंत वाटायचं. मग एका ग्रंथालयात विष्णुपंत छत्र्यांवरचा लेख हाती आला. छत्रे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे, म्हणजे आमच्या शेजारचे. ग्वाल्हेरला गाणं शिकायला गेलेला हा माणूस घोडे शिकवण्यात तरबेज झाला. मुंबईत चिआरिनीची इटालियन सर्कस आली, ती पाहून इरेला पेटला, आणि १८८० साली त्याने स्वतःची सर्कस उभी केली. देशी माणसाने काढलेली ही पहिली सर्कस. गाणं मात्र सोडलं नाही. रहिमत खाँसाहेबांसारख्या मनस्वी गवयाला त्यांनी सांभाळलं. पुढे म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस निघाली. म्हैसाळला तर आमची कडब्याची गाडी आठवड्याला जायची!

त्या लेखात लहानपणचं एक कोडंही सुटलं. छत्र्यांची सर्कस केरळात थलश्शेरीला गेली, तेव्हा तिथल्या कीलेरी कुन्हीकण्णन या कसरतीच्या शिक्षकाशी तिची गाठ पडली. कुन्हीकण्णन यांनी १९०१ साली तिथे सर्कशीची शाळाच काढली, आणि पुढे देशभरच्या तंबूंत तिकडचे कलावंत भरले. आमच्या कडब्याच्या ढिगापाशी ऐकू येणारं मल्याळम असं अंकलखोपहून निघून, थलश्शेरीला वळसा घालून परत आलेलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वडील तोवर गेले होते. त्यांना हे सांगायला हवं होतं.

४. वाघावर माझं प्रेम होतं. वाघाला त्यातून काही मिळत नव्हतं. १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी आणली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मी तेव्हा चिडलो होतो. पुण्याच्या दामू धोत्र्यांचं ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ मी लहानपणी किती वेळा वाचलं असेल! पुण्यातला हा पोरगा पार अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचला, वाघसिंहांना जीव लावून शिकवत राहिला. ते सगळं एका कागदाने पुसलं गेलं, असं मी तावातावाने म्हणायचो.

बोलता बोलता एकदा मलाच पहाटेचा पिंजरा आठवला. त्यातला वाघ चार पावलं जायचा, वळायचा, चार पावलं यायचा. मी चारा उतरवून, चहा पिऊन, परत निघेपर्यंत त्याचं तेच चाललेलं असे. फळीवर त्याच्या पंजांनी एक गुळगुळीत वाट पडली होती. ती मी रोज पाहिली होती आणि तिचा अर्थ लावला नव्हता. त्यानंतर मी बंदीच्या विरोधात बोललो नाही. धोत्र्यांचं पुस्तक अजून उशाशी असतं. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकत्र राहतात, आणि त्यांची समजूत घालायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

५. मला जिचा हेवा वाटायचा, तिला माझा वाटत होता. माझ्याच वयाची, अकरा-बारा वर्षांची एक मुलगी तारेवर चालायची. तिला शाळा नाही, गृहपाठ नाही, रोज टाळ्या. यापेक्षा मोठं भाग्य मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी तिने भिंतीवरच्या पोस्टरपाशी मला थांबवलं आणि हिंदीत विचारलं, “इसमें मेरा नाम कहाँ है?” चित्र तिचंच होतं. मी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं वाचली. वाघांची संख्या होती, तिकिटाचे दर होते. नाव नव्हतं. “छापायचं राहिलं असेल,” असं काहीतरी मी पुटपुटलो. मुलांना सर्कशीत राबवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो २०११ साली. ती बातमी वाचताना, तारेवरची ती मुलगी तोवर पन्नाशीच्या पुढे गेली असेल, एवढंच मनात आलं.

६. बुडालेल्या पैशाचं दुःख वडिलांना माझ्याइतकं झालं नाही. एका वर्षी अवकाळीने आठ दिवस मैदानाचा चिखल केला. खेळ बंद, गल्ला रिकामा. जनावरं मात्र रोज खात होती. एका रात्रीत तंबू उठला आणि आमचं बिल राहिलं. मी सर्कसवाल्यांना चोर म्हणालो. वडील म्हणाले, “हत्ती काय बिल बघून खातो का रे?” पाऊस पडत असताना त्यांनी एक दिवसही गाडी थांबवली नव्हती. पैसे मिळायचे नाहीत, हे त्यांना बहुधा तिसऱ्याच दिवशी कळलं असावं.

७. तंबू जत्रेतही लागतात, पण जत्रेची मला काळजी वाटत नाही. जत्रेतल्या माणसांची वाटते. जत्रा देवाची, ती भरतेच. पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ आजही नोटांच्या माळांनी झाकून जातो, बैलबाजारही भरतो. पण तंबूतला सिनेमा जवळजवळ गेला, आणि मौत का कुआची लाकडी विहीर दर वर्षी दिसेलच असं नाही. तमाशाचं तर सगळं वर्षच जत्रांवर उभं असतं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. २०२० आणि २०२१ मध्ये यात्राच झाल्या नाहीत. दोन हंगाम फडांचे ट्रक जागेवर उभे राहिले. “जुने दिवस गेले” असं आपण घरात बसून हळहळत म्हणतो, तेव्हा ढोलकीवाल्याचा हात मोकळाच असतो. म्हणून आता जिथे तंबू दिसेल तिथे मी तिकीट काढतो. आवडलं नाही तरी शेवटपर्यंत बसतो.

८. गेल्या हिवाळ्यात नातीला सर्कशीला नेलं. तंबू निम्मा रिकामा होता. झुल्यावरच्या मुलीचा हात पहिल्या खेपेला सुटला, ती जाळीत पडली, उठून पुन्हा दोर चढली आणि दुसऱ्यांदा तिने समोरचा हात धरला. तेवढ्याशा लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! मग रिंगणात कापडाचा हत्ती आला. सोंड हलवत, डुलत. नातीने विचारलं, “आबा, हा काय खातो?” मी तिला वाढ्याचं सांगितलं, कडब्याचं सांगितलं, पहाटेच्या गाडीचं सांगितलं. तिला ते पटेना.

खेळ संपल्यावर सवयीने पाय तंबूच्या मागे वळले. कापडी हत्ती गवतावर आडवा पडला होता. त्याच्या पोटातून निघालेली दोन पोरं घामाने निथळत, मांडीवर ताटली घेऊन बसली होती. नात त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझा हात ओढून म्हणाली, “आबा, तो भात खातो.”