आई, आज काय करू?

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तू दोन-तीनदा तेच म्हणालीस, "ताई, पंधरा वर्षांचा झाला गं, पण रोज सकाळी उठून विचारतो, आई, आज काय करू?" घाईत मी धीर दिला आणि फोन ठेवला. पण तुला नुसता धीर नको होता. म्हणून आज सगळी कामं आटोपून निवांत लिहायला बसले आहे.

आधी एक ऐक. तुझं काही चुकलेलं नाही. सहावीत त्याला शाळेतून काढलंस तेव्हा घरच्यांनी, दारच्यांनी बोल लावले. तरी तू चार वर्षं हे निभावलंस, तेही नोकरी सांभाळून. वेळापत्रक तू केलंस, पुस्तकं तू आणलीस, धडे वाटून दिलेस, प्रश्न काढलेस, उत्तरं तपासलीस. अकरा वर्षांच्या पोराला ते सगळं लागतंच. पण बसलेली घडी पंधराव्या वर्षीही मोडली नाही, इतकंच. माझा भाचा आळशी नाही. आज काय करायचं हे ठरवायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नाही.

हे मी खात्रीने सांगते, कारण माझ्या घरात हेच झालं होतं. लेकीचं वेळापत्रक मी दर सोमवारी फ्रीजवर लावायचे, विषयाविषयाला वेगळ्या रंगाचं पेन. ती चौदा वर्षांची असताना मला डेंग्यू झाला आणि दहा दिवस अंथरुणावर होते. उठून बघते तर वह्या जिथे ठेवल्या होत्या तिथेच. मी रागावले. ती अगदी सरळपणे म्हणाली, "पण तू सांगितलंच नाहीस ना काय करायचं ते." त्या क्षणी मला उमगलं की अभ्यास ती करत होती, पण अभ्यासाची काळजी सगळीच्या सगळी मी वाहत होते. आणि घरातली कुठलीही काळजी एकाने पुरती उचलली की दुसऱ्याला तिचं ओझं जाणवत नाही. गॅस सिलिंडर संपत आलाय हे तुझ्या घरात तुझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येतं का?

तेव्हा विषय, पुस्तकं, क्लास हे सगळं मागाहून. आधी काळजी त्याच्या हाती दे.

तू त्याचा एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, फॉर्म भरला आहेस, हे फार बरं केलंस. मुक्त विद्यालयाची रचना अशा वेळी किती उपयोगाची आहे हे मला उशिरा कळलं. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. दहावीला पाच विषय लागतात, पण ते एकदम द्यावे लागत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दोन दिले, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन दिले, उरलेला पुढच्या वर्षी, असं चालतं. पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. म्हणजे काय, तर पंधराव्या वर्षी पोराचा अंदाज चुकला तरी वर्ष बुडत नाही. शाळेतल्या मुलाला ही सवलत नाही, बोर्डाची परीक्षा त्याला सगळ्या विषयांची एकदमच द्यावी लागते. तुझ्या मुलाला चुकायला जागा आहे आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर ती जागा लागतेच. पण आपण आया काय करतो? पाचही विषय एका दमात उरकायचे असं आपणच ठरवतो, आणि मग घाबरून त्याच्या डोक्यावर बसतो.

कुठला विषय आधी द्यायचा हे त्याला ठरवू दे. त्याच्या खात्याचा पासवर्ड, फॉर्मच्या तारखा, फीची पावती, प्रात्यक्षिकासाठी अभ्यासकेंद्रात करायचा फोन, सगळं त्याच्याकडे दे. फोनवर तो अडखळेल. अडखळू दे.

मात्र एका दिवसात सगळं सोडू नकोस. आपल्या गावच्या घराचा स्लॅब टाकला तेव्हाचं आठवतं ना? बाबा रोज सकाळ-संध्याकाळ वर चढून पाणी मारायचे, आणि गवंडी सेंट्रिंगला कुणाला हात लावू देत नव्हता. लवकर काढलं तर स्लॅब बसतो. पण कधीच काढलं नाही तर त्या खोलीत राहणार कसं, सगळीकडे टेकूच टेकू. तेव्हा टेकू एकेक करून काढ. पहिला महिना एकच विषय पूर्ण त्याचा. त्याला आवडतो तो. तुझ्याकडे चार. दुसऱ्या महिन्यात आणखी एक. गणित शेवटी, कारण त्याला त्याची भीती आहे आणि तुलाही.

आता अवघड भाग. तू आठवण करायची नाहीस.

आमच्याकडे याची किंमत मोजावी लागली. एनआयओएसला गृहपाठासारखं टीएमए असतं, त्याला वीस टक्के वजन असतं. एका विषयाची जबाबदारी मी लेकीवर सोपवली होती. तारीख तिच्या वहीत लिहिलेली होती. मला दिसत होतं की ती विसरली आहे. आदल्या रात्री मी तीन वेळा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. हे मला आजही टोचतं, आणि तरी पुन्हा वेळ आली तर मी तसंच करीन. तारीख गेली. त्या विषयातले ते वीस टक्के गेले. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने देवघराशेजारचं कालनिर्णय काढून आपल्या खोलीत नेलं आणि सगळ्या तारखांना लाल गोल केले. मला एकादशी बघायची झाली की तिच्या खोलीत जावं लागायचं. त्यानंतर एकही तारीख चुकली नाही. त्या विषयात ती पास झाली, गुण कमी पडले. कॉलेजात ते कुणी विचारले नाहीत.

तू म्हणशील, ताई, तुला जमलं, मला नाही जमणार. जमेल. तोंड बंद ठेवायचं तर हाताला काम लागतं. मी काय करायचे सांगू? मटार सोलायचे.

हसू नकोस, खरंच सांगते. ती प्रकाशाच्या धड्यात अडकली होती. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर वीस सेंटिमीटर, वस्तू तीस सेंटिमीटरवर, प्रतिमा कुठे? तिचं उत्तर यायचं बारा, पुस्तकात होतं साठ. तिने तीनदा केलं, तीनदा बारा. मला चूक समोरून दिसत होती. वस्तूचं अंतर उणे घ्यायचं असतं, तिने अधिक घेतलं होतं. एका शब्दाचं काम. मी शेंगा पुढे ओढल्या. वीस मिनिटं गेली. तिने पेन आपटलं, पाणी प्यायली, परत बसली. मग उठून प्रात्यक्षिकाच्या डब्यातलं वीस सेंटिमीटरचं भिंग काढलं, मेणबत्ती लावली आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवला. मी अंधारात चाचपडत सोलते आहे. मेणबत्तीपासून तीस सेंटिमीटरवर तिने भिंग धरलं, पलीकडे बारावर कागद धरला. नुसता धुरकट पिवळा डाग. कागद हळूहळू मागे नेत गेली. पट्टी संपली, दुसरी जोडली. साठच्या आसपास कागदावर ज्योत उतरली, उलटी, टोक खाली, आणि खऱ्या ज्योतीच्या दुप्पट मोठी. ती ओरडलीच, "पुस्तक बरोबर आहे, मी चुकतेय!" मग दिवा लावून मागची पानं उलटली आणि चिन्हसंकेताच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. मी ते सांगितलं असतं तर तिला एक गणित सुटलं असतं. आता तिला हे कळलं होतं की उत्तर पटलं नाही तर खरं-खोटं करायला आईशिवाय दुसरी वाट असते.

स्वतःचं स्वतः तपासणं ही खरी मेख आहे, बरं का. एनआयओएसची पुस्तकं घरी एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली आहेत. धड्याच्या मध्येमध्ये पाठगत प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरं. तू त्याची वही तपासणं बंद कर. लाल पेन त्याच्या हातात दे. आणि एक गोष्ट त्याला नक्की शिकव, धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याच्यावर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, दुसरा एकदा वाचून, न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यातलं सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. भाच्याला हा प्रयोग स्वतःवर करून बघायला सांग. त्या वयाला "मी सांगते म्हणून कर" चालत नाही, "करून बघ" चालतं.

मग तू करायचं काय? आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर बस. आमच्याकडे रविवारी रात्री, जेवणानंतर, अर्धा तास. तो बोलेल, तू ऐकायचं. मागच्या आठवड्यात काय ठरवलं होतं, काय झालं, काय राहिलं आणि का राहिलं. पुढच्या आठवड्याचं तो त्याच्या अक्षरात लिहील. सुरुवातीला तो भरमसाट लिहील, दिवसाला तीन धडे. तू काही म्हणू नकोस. पुढच्या रविवारी निम्मं राहिलेलं त्याला स्वतःलाच दिसेल. माझ्या लेकीला आपल्या ताकदीचा अंदाज यायला सहा-सात रविवार लागले. आणि सोमवार ते शनिवार त्याने "आज काय करू?" विचारलं, तर "तुझ्या वहीत काय लिहिलंय?" एवढंच म्हण. प्रेमाने म्हण, टोमणा नको.

आणखी एक, तू त्याची एकटीच गुरू राहू नकोस. त्याला आसपास माणसं शोधू दे. सायकल दुरुस्तीवाला, गल्लीतले निवृत्त गणिताचे सर, नगर वाचनालयातल्या बाई. गोव्याच्या राहुल अल्वारिसची गोष्ट त्याला सांग. तो घरी शिकलेला मुलगा नव्हता, शाळेत दहावी झाला आणि मग आईवडिलांच्या संमतीने वर्षभर कॉलेजला गेलाच नाही. म्हापशात मासे विकणाऱ्या ॲक्वेरियमच्या दुकानात काम केलं, पुण्याच्या सर्पोद्यानात साप हाताळायला शिकला, चेन्नईजवळच्या मगरींच्या केंद्रात जाऊन राहिला. त्या वर्षावर त्याने 'फ्री फ्रॉम स्कूल' हे पुस्तक लिहिलं. मला त्यातली सापांपेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची वाटते, की कुणाकडे जाऊन "मला शिकवाल का?" असं तो स्वतः विचारायला शिकला. पंधराव्या वर्षी आपल्या मुलांना हे वाक्य बोलता येत नाही, कारण ते आपण त्यांच्या वतीने बोलतो. पुस्तकांसाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ दाखव, तिथे मराठी पुस्तकंही फुकट वाचायला मिळतात. यादी मात्र तू करून देऊ नकोस.

मोबाइलचं तू विचारलंस. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन हॉलमधल्या कपाटावर, तुमच्या दोघांचेही. याहून जास्त त्यात काही करता येतं असं मला वाटत नाही.

आता शेवटचं, जे तू फोनवर बोलली नाहीस पण मला ऐकू आलं. त्याने सगळं आपलं आपण करायला घेतलं की तुझ्या हातात काय उरणार, ही भीती आहे ना? मला होती. लेकीने पहिल्यांदा आपला अख्खा आठवडा मला न विचारता पार पाडला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने नव्हे. नातेवाइकांसमोर पाच वर्षं जे काम छाती काढून सांगितलं होतं, ते हातातून चाललं होतं. कुणाला सांगताही येईना, लोक म्हणाले असते, हेच तर हवं होतं ना तुला? ते दिवस जड गेले. तुझेही जातील. तेव्हा मला फोन कर, रात्री कितीही वाजले तरी. तुझं भरतकाम, ते जेजुरीला जाताना घेतलेलं कापड, अजून कपाटात तसंच असेल. ते बाहेर काढून ठेव. हाताला मटार बारा महिने मिळत नाहीत.

या रविवारी एक नवी वही आण, दोनशे पानी, साधी. वर त्याचं नाव त्यालाच घालू दे. पासवर्डची चिठ्ठी आणि फीची पावती त्या वहीत ठेवून त्याच्या हातात दे, आणि चित्रकलेपासून सुरुवात करायला सांग, ती त्याच्या आवडीची आहे. सोमवारी सकाळी तो विचारेलच. काय म्हणालीस आणि तो काय म्हणाला, ते मला कळव.